भाषांतरातला बग: मूळ शोधून टिकाऊ दुरुस्ती कशी करावी

मराठीत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एखादं वाक्य खटकतं तेव्हा चूक त्या वाक्यात दिसते, पण तिचं मूळ भलतीकडेच असू शकतं. म्हणून भाषांतराच्या बगवर काम करताना शब्द बदलायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो चूक कुठल्या थरातली आहे आणि कुठे दुरुस्त केली तर ती टिकेल, हे शोधण्यात. नवे स्वयंसेवक नेमकी हीच पायरी गाळतात. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर पीओ फाइल (मूळ वाक्यं आणि त्यांचे अनुवाद जोडीने ठेवणारी फाइल) सापडली की तिथेच दोन शब्द बदलून पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवतात. कधी ती स्वीकारलीही जाते, आणि पुढच्या सिंकमध्ये, म्हणजे अधिकृत जागेवरून फाइल पुन्हा आणली जाते तेव्हा, जुना मजकूर जसाच्या तसा परत येतो. मराठीसाठी स्वतःहून काम करायला आलेला माणूस अशा वेळी कायमचा निघून जातो, आणि आपल्याकडे अशी माणसं मुळातच मोजकी आहेत.

हा लेख मुख्यतः ग्नू गेटटेक्स्ट ही भाषांतराची साधनं वापरणाऱ्या प्रकल्पांबद्दल आहे. ग्नोम आणि केडीई हे डेस्कटॉप, लिबरऑफिस, वर्डप्रेस या सगळ्यांत भाषांतरं पीओ फाइलींमधून येतात-जातात. फायरफॉक्सची फ्लुएंट पद्धत वेगळी आहे, तिचा उल्लेख जिथे लागेल तिथे येईल. आज्ञा आणि खुणा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमनमध्येच करायच्या.

पायरी १: तक्रार पक्की करा

"मराठी चुकीचं दिसतंय" एवढ्यावर कुणालाही काही करता येत नाही. तक्रार दुसऱ्याची असो की तुमची स्वतःची, चार गोष्टी हातात हव्यात: स्क्रीनशॉट, प्रोग्रामची आवृत्ती, तो कुठून बसवला (उबुंटू, डेबियनसारख्या लिनक्स वितरणाच्या भांडारातून, की फ्लॅटपॅक, स्नॅप या स्वतंत्र पॅकेज-पद्धतींमधून), आणि त्या जागी मूळ इंग्रजी मजकूर काय आहे. मूळ इंग्रजी मिळवायचं तर टर्मिनलमधून एलसी_ऑल हे भाषेची निवड ठरवणारं व्हेरिएबल सी ठेवून तोच प्रोग्राम चालवा आणि त्याच खिडकीपर्यंत जा. दोन्ही स्क्रीनशॉट शेजारी ठेवले की निम्मे बग तिथल्या तिथे उलगडतात.

कुठून बसवला हे विचारण्यामागे कारण आहे. उबुंटू आपल्या मुख्य पॅकेजांमधली भाषांतरं बाजूला काढून वेगळ्या भाषा-पॅकमधून देतं, आणि त्या पॅकमधला मजकूर लाँचपॅड या उबुंटूच्या संकेतस्थळावर बदललेला असू शकतो. म्हणजे मूळ प्रकल्पात मराठी नीट असूनही उबुंटूवर चूक दिसू शकते. फ्लॅटपॅकचं वेगळंच. तो ठरवलेल्या भाषांचेच अनुवाद उतरवून घेतो. सिस्टिमची भाषा इंग्रजी असेल तर मराठी फाइल संगणकावर आलेलीच नसते आणि वापरणाऱ्याला वाटतं, भाषांतरच झालेलं नाही. फ्लॅटपॅकच्या कॉन्फिग आज्ञेने भाषांच्या यादीत एमआर (मराठीचा संकेत) घालून अपडेट केलं की काम होतं. अशा तक्रारीत बग नाहीच. पण उत्तर मात्र नीट द्यावं, कारण तोच माणूस पुढे चांगली तक्रार घेऊन येतो.

पायरी २: चूक कुठल्या थरातली?

इथे घाई करू नका. दिसायला सारख्याच पण मुळात वेगवेगळ्या अशा चुका नेहमी भेटतात.

काल मराठीत दिसणारं वाक्य आज इंग्रजीत दिसतंय? मूळ वाक्य बदललं असण्याची शक्यता दाट. विकासकाने इंग्रजीत एखादा स्वल्पविराम जरी हलवला तरी गेटटेक्स्टमधला एमएसजीमर्ज हा प्रोग्राम जुना अनुवाद नव्या वाक्याला जोडतो आणि त्यावर फझी (संदिग्ध) अशी खूण करतो. फझी अनुवाद संकलनात, म्हणजे पीओपासून प्रोग्राम वाचतो ती एमओ फाइल बनवताना, घेतला जात नाही, म्हणून पडद्यावर इंग्रजी येतं. इथे नवा अनुवाद लिहायचा नाही. जुना वाचायचा, बदल अर्थाला लागू होतो का ते पाहायचं आणि खूण काढायची. पीओ फाइलमध्ये जुनं मूळ वाक्य ठेवण्याची सोय आहे. ते असेल तर काय बदललं ते लगेच कळतं. न वाचता सगळ्या फझी खुणा एकगठ्ठा काढणं हा मात्र मी गंभीर अपराध मानते. "काढू नका"च्या जागी "काढा" असा अनुवाद वापरणाऱ्यापर्यंत पोहोचतो तो याच वाटेने.

वाक्य पहिल्यापासून इंग्रजीतच आहे आणि पीओ फाइलीत सापडतही नाही? मग ते कोडमध्ये भाषांतरासाठी खूण केलेलं नाही. किंवा ज्या फाइलीत ते आहे, तिचं नाव पॉटफाइल्स या, भाषांतरासाठी तपासायच्या फाइलींच्या यादीत घालायचं राहून गेलंय. हा विकासकाचा बग आहे, मराठी चमूचा नाही, आणि तो दुरुस्त झाला की शंभर भाषांचा फायदा होतो.

अर्धं वाक्य मराठी, अर्धं उलटसुलट? बहुधा कोडमध्ये तुकडे जोडून वाक्य बनवलंय. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे तुकड्यांचं हे बांधकाम आपल्याकडे हमखास कोसळतं. अनुवादात ओढूनताणून बसवत बसू नका, मूळ प्रकल्पात बग नोंदवा.

महिन्याचं नाव, वाराचं लघुरूप, तारखेचा क्रम चुकलाय? ही माहिती बहुतेक वेळा पीओ फाइलीत नसतेच. ती ग्लिबसी या मूळ लायब्ररीच्या मराठी लोकेलमधून (भाषा-प्रदेशानुसारच्या सेटिंगमधून) किंवा युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसंग्रहातून येते, दुरुस्तीही तिथेच करावी लागते. आणि अक्षरंच तुटक दिसत असतील, वेलांटी चुकीच्या जागी पडत असेल, तर फॉन्ट किंवा अक्षरजुळणीच्या लायब्ररीकडे बघा.

एवढं तपासून झालं आणि दोष खरोखर अनुवादातच आहे असं ठरलं, की मग पीओ फाइल उघडा.

पायरी ३: वाक्य शोधा, त्याची भावंडंही शोधा

ग्रेप या साध्या शोध-आज्ञेने वाक्य सापडत नाही म्हणून अनेकजण इथे अडकतात. पीओ फाइलीत लांब वाक्य अनेक ओळींवर मोडलेलं असतं. शिवाय मेन्यूतल्या शब्दात शॉर्टकटसाठी मध्येच खूण असते: ग्नोम वापरतो त्या जीटीकेमध्ये अधोरेषा, केडीई वापरतो त्या क्यूटीमध्ये अँपरसँड, लिबरऑफिसमध्ये टिल्डे. त्यामुळे सरळ शब्द जुळत नाही. पीओ फाइलींसाठीचा एमएसजीग्रेप वापरा, नाहीतर पोएडिट, लोकलाइझ यांसारख्या संपादकात शोधा. लिबरऑफिसने यासाठी फार चांगली सोय केलीय. चाचणीसाठी केआयडी नावाची एक खोटी भाषा निवडता येते, तिच्यात प्रत्येक वाक्यासोबत त्याची ओळखखूण दिसते, आणि तीच खूण वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर शोधली की नेमकी नोंद मिळते.

मराठीत शोधताना आणखी एक अडचण. "ॲप" हा शब्द दोन प्रकारे टाइप झालेला आढळतो: युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर ॲ, क्रमांक ०९७२, वापरून किंवा अ वर चंद्र देऊन. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं, त्यामुळे जुन्या अनुवादांत दुसरी जोडणी सर्रास आहे. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला मात्र वेगळे. नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याच्या युनिकोडच्या प्रक्रियेनेही) ते एक होत नाहीत. शोध दोन्ही रूपांवर घ्या आणि दुरुस्ती करताना स्वतंत्र अक्षरच ठेवा, युनिकोडची शिफारसही तीच आहे. तसंच "कचऱ्यात", "दुसऱ्या" या शब्दांतला अर्धा ऱ तपासा. साध्या र ने टाइप केलं की "दुसर्या" असं रफाराचं रूप उमटतं. अर्धा ऱ ही मराठी लेखनाची ओळख आहे आणि ती जपलीच पाहिजे.

वाक्य सापडलं की त्याच जातीची बाकीची वाक्यंही काढा. चूक एकट्याने क्वचितच राहते. एका ठिकाणी "जतन करा", दुसरीकडे "संचयन करा", तिसरीकडे "साठवा" असं असेल तर एकच बदलून गोंधळ वाढतो. शब्द ठरवण्यासाठी आधी चमूची संज्ञासूची पाहा. फ्युएल प्रकल्पाने वारंवार लागणाऱ्या शब्दांच्या याद्या केल्या आहेत, मराठीचीही आहे. तिच्यातले काही पर्याय आज जड वाटतात, पण एकवाक्यता मोडायची तर चर्चा करून मोडा.

पायरी ४: दुरुस्तीचं घर ओळखा

सुरुवातीला ज्या परत येणाऱ्या चुकीबद्दल लिहिलं, ती इथेच टाळता येते. प्रत्येक प्रकल्पात अनुवादाची एकच अधिकृत जागा असते, बाकी सगळ्या तिच्या नकला.

ग्नोममध्ये काम डॅम्ड लाइज या संकेतस्थळावरून चालतं. मॉड्यूल राखून ठेवा, फाइल उतरवून घ्या, दुरुस्त करून चढवा, परीक्षण झालं की चमूतला अधिकार असलेला सदस्य कमिट करतो, म्हणजे भांडारात नोंदवतो. केडीईत भाषांतरांचं भांडार आजही सबव्हर्जन या जुन्या आवृत्ती-व्यवस्थेत आहे. कोडच्या भांडारात दिसणारे डेस्कटॉप फाइलींमधले अनुवाद स्क्रिप्टी नावाचा स्वयंचलित प्रोग्राम आणून टाकतो, ते हाताने बदलले तर तो पुन्हा पूर्ववत करतो. केडीईच्या बगझिला या बग-नोंदणीच्या संकेतस्थळावर आय१८एन या विभागात भाषेनुसार घटक आहेत, तिथे नोंद केली की ती संबंधित चमूकडे जाते. लिबरऑफिसचे अनुवाद डॉक्युमेंट फाउंडेशनच्या वेबलेटवर, फायरफॉक्सचे पाँटूनवर, वर्डप्रेसचे ट्रान्सलेट डॉट वर्डप्रेस डॉट ऑर्ग वर. वर्डप्रेसमध्ये कुणीही सूचना देऊ शकतं, मंजुरी मात्र भाषा-संपादकच देतात.

छोट्या प्रकल्पात असं काही लिहिलेलं नसेल तर पीओ फाइलीचा गिट इतिहास पाहा. सगळे कमिट एखाद्या बॉटच्या नावावर असतील तर तिथे हात लावू नका, बॉट जिथून आणतोय तिथे जा. माणसांच्या नावावर असतील तर पुल रिक्वेस्ट चालेल.

पायरी ५: दुरुस्ती

एक उदाहरण जवळून बघू. कागदपत्र-वाचकात मूळ वाक्य आहे "पेज %डी ऑफ %डी". %डी म्हणजे प्रोग्राम आकडा भरतो ती जागा. अनुवादकाने लिहिलं, "%डी पैकी %डी वे पान". व्याकरण ठीक, तपासणीतही काही अडत नाही, कारण दोन्ही जागा आकड्याच्याच आहेत. पण प्रोग्राम आधी चालू पान पाठवतो, मग एकूण पानं. दहा पानांच्या कागदपत्राच्या तिसऱ्या पानावर पडद्यावर येतं, "३ पैकी १० वे पान". कुठलंही साधन ही चूक पकडणार नाही, ती वाचणाऱ्यालाच पकडावी लागते.

उपाय म्हणजे जागांना क्रमांक द्यायचे: "%२$डी पैकी %१$डी वे पान". इथे आकडे मात्र रोमनच टाइप करायचे आणि एका जागेला क्रमांक दिला की सगळ्यांना द्यायचा, मिश्रण चालत नाही. आता "१० पैकी ३ वे पान" दिसेल. क्रम सुधारला, पण "३ वे"? मराठीत पहिले, दुसरे, तिसरे, चौथे, मग पाचवे. ठरीव "वे" निदान पहिल्या चार पानांवर चुकतो. म्हणून शेवटचं रूप: "%२$डी पैकी पान %१$डी". "१० पैकी पान ३" हे कुठल्याही आकड्याला चालतं.

पायथॉनच्या जुन्या पद्धतीत क्रमांकाची ही युक्ती चालत नाही. तिथे मूळ कोडमध्येच जागांना नावं द्यायला सांगावं लागतं.

दुसरा मोठा प्रश्न सामान्यरूपाचा. %एस म्हणजे प्रोग्राम नाव किंवा मजकूर भरतो ती जागा. "‘%एस’मध्ये" असं लिहिलं आणि फोल्डरचं नाव "जुना हिशोब" असलं की "‘जुना हिशोब’मध्ये" असं कानाला बोचणारं काहीतरी तयार होतं. प्रोग्रामला "जुन्या हिशोबात" करता येत नाही. यावरची वाट सरळ आहे: विभक्ती नावाला न लावता त्याच्यामागे ठेवलेल्या सामान्य नामाला लावा. "‘%एस’ या फोल्डरमध्ये". माणसाच्या नावासाठी "यांनी", "यांना", "यांचे" ही रूपं देवासारखी धावून येतात: "%एस यांनी फाइल पाठवली". आदरही राखला जातो आणि नावाला हातही लागत नाही. लिंगाचा पेचही बऱ्याचदा असाच सुटतो. "%एस आला" की "आली" हे ठरवता येत नाही, पण "%एस यांनी लॉगिन केलं" मध्ये क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही. फायरफॉक्सच्या फ्लुएंटमध्ये तर ब्रँडनावासारख्या ठरीव शब्दांची विभक्तीनिहाय रूपं अनुवादकालाच लिहून ठेवता येतात. बाहेरून येणाऱ्या नावांना मात्र तिथेही "या", "यांनी" हाच आधार.

एकच इंग्रजी शब्द दोन ठिकाणी वेगळ्या अर्थाने आला की अनुवादकाचे हात बांधले जातात. डिस्कवरची "फ्री" जागा "मोफत" होऊन बसते ती त्यामुळे. मोकळी जागा आणि मोफत आवृत्ती यांना एकच नोंद असेल, तर कुठलाही मराठी शब्द एका ठिकाणी चुकणारच. अशा वेळी विकासकाला एमएसजीसीटीएक्सटी, म्हणजे संदर्भाची ओळ, घालायला सांगा. मागणी करताना दोन्ही ठिकाणांचे स्क्रीनशॉट आणि आपल्या भाषेत काय होतं ते दोन ओळींत लिहा. मराठी न येणाऱ्या विकासकाला ते लगेच पटतं आणि बहुतेकजण आनंदाने करतात.

शॉर्टकटच्या खुणेबद्दल थोडं. ती जोडाक्षराच्या मध्ये पडली तर अक्षर फुटतं. भारतीय भाषांच्या अनुवादांत रूढ पद्धत अशी की मराठी शब्द पूर्ण लिहून शेवटी कंसात मूळ रोमन अक्षर खुणेसह द्यायचं. दिसायला सुबक नाही, पण कीबोर्ड इंग्रजीत असतानाही शॉर्टकट चालतो.

पायरी ६: तपासा, आणि पडद्यावर पाहा

आधी एमएसजीएफएमटी (पीओपासून एमओ बनवणारा प्रोग्राम), चेक हा पर्याय लावून. तो शीर्षकातली अनेकवचनाची ओळ, जागांचे प्रकार, सुरुवातीच्या-शेवटच्या नव्या ओळी जुळतात का ते सांगतो. शॉर्टकटच्या खुणा तपासायला चेक-ॲक्सिलरेटर्स हा वेगळा पर्याय आहे. %एसच्या जागी %डी पडलं तर सी भाषेतला प्रोग्राम कोसळू शकतो, म्हणून ही तपासणी टाळण्याला माझ्या लेखी काही सबब नाही. मराठीसाठी अनेकवचनाची रूपं दोन: एक असताना पहिलं, बाकी सगळ्यांना दुसरं. "१ फाइल निवडली", "५ फाइली निवडल्या", क्रियापदासकट.

मग संकलित एमओ फाइल प्रोग्राम जिथून वाचतो तिथे ठेवून, मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवून, प्रोग्राम चालवा. लँग्वेज हे व्हेरिएबल एमआर ठेवलं तरी मराठी येत नसेल तर लोकेल सी वर आहे का पाहा. तसं असेल तर गेटटेक्स्ट ते व्हेरिएबल विचारातच घेत नाही. सिस्टिमवर मराठीचं यूटीएफ-८ लोकेल तयार करून घ्या. तरीही जुनाच मजकूर येतोय? एसट्रेस या, प्रोग्रामच्या हालचाली दाखवणाऱ्या साधनाखाली चालवून प्रोग्राम कुठली एमओ फाइल उघडतोय ते बघा, भाषा-पॅकची दुसरी प्रत सापडण्याची शक्यता आहे.

पडद्यावर केवळ शब्द बघू नका. बटणात मजकूर मावतो का, वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात का, खिडकी लहान केल्यावर काय होतं, हेही बघा.

पायरी ७: पाठवा

एका बगसाठी एक बदल. वेगवेगळे संपादक पीओ फाइल जतन करताना ओळी नव्याने मोडतात, आणि दोन शब्दांची दुरुस्ती हजार ओळींच्या फरकात बुडते. परीक्षकाने ती वाचावी कशी? पाठवण्यापूर्वी फरक स्वतः वाचा. ओळमोड बदलली असेल तर संपादकाची रुंदीची सेटिंग मूळ फाइलीसारखी करा आणि पुन्हा जतन करा. संदेशात काय बदललं आणि का, बगचा क्रमांक, आणि जमल्यास आधीचा-नंतरचा पडदा.

ज्याचा अनुवाद बदलताय त्याला कळवा. पीओ फाइलीच्या डोक्यावर शेवटच्या अनुवादकाचं नाव असतं. पंधरा वर्षांपूर्वी फुकट वेळ देऊन कुणीतरी हजारो वाक्यं मराठीत आणली, म्हणून आज आपण दोन शब्द सुधारायला बसलोय. त्या जुन्या नावांना हेडरमधून काढू नका. मतभेद झाला तर शुद्धलेखनाचे मान्य नियम आणि संज्ञासूची यांच्या आधारे बोला. लेखनाच्या वादात आवडीनिवडीने कधीच निकाल लागत नाही.

यंत्राने केलेले अनुवाद गठ्ठ्याने पाठवणं टाळा. एकेक वाक्य वाचून, पडद्यावर पाहून पाठवणार असाल तर मदत कुठूनही घ्या. पण न वाचलेले पाचशे अनुवाद तपासायला जो एकमेव परीक्षक उरलेला असतो, त्याचा सगळा वेळ त्यात जातो.

पायरी ८: शाखा, फ्रीझ आणि बंद करणं

दुरुस्ती मुख्य शाखेत (पुढच्या आवृत्तीचं काम चालतं त्या प्रतीत) गेली म्हणजे वापरणाऱ्याकडे गेली असं नाही. ग्नोमच्या आवृत्त्या मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास येतात. लोकांच्या संगणकावर असते ती स्थिर शाखा, आणि तिची पीओ फाइल वेगळी असते. केडीईतही ट्रंक (मुख्य शाखा) आणि स्थिर वेगळे. दोन्हीकडे बदल करा.

स्ट्रिंग फ्रीझ, म्हणजे आवृत्तीपूर्वी मूळ वाक्यं गोठवण्याचा काळ, लागला की मूळ इंग्रजी वाक्यं बदलायला भाषांतर चमूंची परवानगी लागते, अनुवाद मात्र सुधारता येतात. किंबहुना हाच आपल्या कामाचा हंगाम. याउलट संदर्भाची ओळ, नव्या खुणा, तोडलेली वाक्यं जोडणं हे सगळं मूळ मजकूर बदलणारं काम फ्रीझपूर्वी मागा, नाहीतर पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागतं.

बग बंद करताना कुठल्या आवृत्तीत दुरुस्ती येईल ते लिहा. डेबियनसारख्या वितरणाच्या स्थिर आवृत्तीत ती पोहोचायला बराच काळ लागू शकतो, तेही तक्रार करणाऱ्याला सांगा. नवी आवृत्ती आल्यावर एकदा ती बसवून तोच पडदा उघडा. वाक्य बरोबर दिसलं तर नोंदीत आवृत्तीच्या क्रमांकासह तपासलं असं लिहा. जुनं परत आलं असेल तर बग पुन्हा उघडा आणि चौथ्या पायरीपासून सुरुवात करा.